रुमालाखालचा हात

नगरच्या सावेडी भागातल्या त्या हॉलमध्ये एसी इतका गार होता, की गावोगावहून प्रशिक्षणाला आलेल्या शिक्षिका पदर लपेटून बसल्या होत्या. समोर पडद्यावर मेंदूचं रंगीत चित्र होतं. मुलांच्या मनावर एवढं संशोधन होतंय, ते कपाटात पडून काय कामाचं, ते रोजच्या वर्गात उतरलं पाहिजे, असं मुलांच्या मानसिक आरोग्याच्या प्रकल्पाच्या रुपाली मॅडम कळकळीने सांगत होत्या आणि सगळ्याजणी माना डोलावत होत्या. माना डोलवायला काय जातंय! उतरवायचं कुणी, तर पोर्शन संपवता संपवता जिच्या नाकी नऊ येतात त्या बाईने.

फिलोमिना पाटोळे त्या बायांपैकीच एक. घोडेगावच्या एका हायस्कूलमध्ये ती दहावीला विज्ञान शिकवायची. प्रशिक्षणातून तिने दोन गोष्टी पक्क्या डोक्यात ठेवल्या. मुलाला विचारायचं, मनावरचा भार शून्य ते दहात किती? आणि शंका आली तर आडवळणाने न जाता सरळ विचारायचं, मरून जावंसं वाटतं का? "विचारल्यामुळे मूल त्या वाटेला लागत नाही," रुपाली मॅडम म्हणाल्या होत्या. "उलट त्याला बोलायला जागा होते."

वर्गात पहिल्याच दिवशी पचका झाला. तिने फळ्यावर शून्य ते दहाची रेघ मारली, तर पोरं एका सुरात 'दहा' म्हणून ओरडली. दहापैकी दहा कोण सोडेल! हे मार्क नव्हेत, ओझं आहे, असं समजावलं, तर तितक्याच जोरात 'शून्य' आलं. शेजारचा दात काढायला टपलेला असताना आपलं ओझं कोण सांगणार?

मग तिला बाजार आठवला. घोडेगावात जनावरांचा बाजार भरतो, तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखाली हातात हात घालतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात. भोवती गर्दी असो, कुणाला काही कळत नाही. फिलोमिनाने डब्याचा रुमाल घेतला, प्रयोगशाळेत एकेका पोराला समोर बसवलं आणि म्हणाली, "बोल, काय भाव?" पोरं खूश. मुलीसुद्धा लाजत लाजत हात घालू लागल्या. पाचाच्या वर असेल तर आधी अख्खा पंजा आवळायचा, मग वरची बोटं. कुणी चार दाबले, कुणी सात. सातवाल्या मुलीला तिने थांबवून घेतलं, सरळ विचारलं, आणि ती पोरगी तासभर रडून हलकी झाली. ही बातमी सावेडीला पोचली. रुपाली मॅडम येऊन फोटो काढून गेल्या. शाळेने शाल-श्रीफळ दिलं. फिलोमिनाला बरं वाटलं, का वाटू नये?

कानिफनाथ त्याच वर्गातला. बजरंग दलालाचा मुलगा. बजरंग म्हणजे बाजारातलं नावाजलेलं माणूस; रुमालाखाली काहीही चालू दे, तोंडावरची रेघ हलायची नाही. त्याच्या तोंडावरून आजवर कुणाला आकडा कळला नव्हता. पोरगा तसाच, गप्प. त्याची पाळी आली त्या दिवशी मधल्या सुट्टीची घंटा व्हायला आली होती आणि दाराशी रांग होती. त्याने हात घातला, मान खिडकीकडे फिरवली आणि दोन बोटं दाबली.

"दोन? छान," फिलोमिना म्हणाली आणि हात काढून घेतला. "पुढचा."

त्याच आठवड्यात कानिफने जीव द्यायचा प्रयत्न केला. चुलत्याने वेळेवर पाहिलं, नगरला नेलं, म्हणून वाचला.

बातमी आली तेव्हा ती आम्ल आणि आम्लारी शिकवत होती. शिपाई दारात येऊन सांगून गेला. तिने तास पुरा केला. लिटमसचा रंग बदलतो, हे तिने पोरांना परत एकदा सांगितलं, वहीत लिहून घ्यायला लावलं आणि हात धुऊन स्टाफरूममध्ये जाऊन बसली. आता रडू येईल, म्हणून ती वाट बघत राहिली. आलं नाही.

पुढचे दिवस असेच गेले. दाढ काढल्यावर गाल आपला असून आपला वाटत नाही, तसं सगळं झालं होतं. मुख्याध्यापक म्हणाले, "तुम्ही विचारलं होतं, त्याने दोन सांगितलं. तुमच्यावर काही येत नाही." तिने मान हलवली. रुपाली मॅडमचा फोन आला. मुलं कधी कधी लपवतात, तुम्ही स्वतःला दोष देऊ नका, म्हणाल्या. तिने हो म्हटलं. दोष द्यायला तरी आत कुणी जागं असावं लागतं. नवरा, एलिया, तिला रविवारी चर्चमध्ये घेऊन गेला. तिने सगळी गाणी म्हटली, शब्द चुकले नाहीत, आणि घरी येऊन भाजी चिरायला बसली. आपल्याला काहीच वाटत नाही, याची तेवढी तिला भीती वाटत होती. रुमाल तिने धुऊन कपाटात टाकला होता. पोरांनी एकदा विचारलं, "मॅडम, भाव न्हाई का आज?" ती म्हणाली, "पुस्तक काढा."

कानिफ घरी आला होता. डॉक्टरांनी पुन्हा दाखवायला बोलावलं होतं, ती तारीख उलटून गेली तरी बजरंगने त्याला नेलं नव्हतं. हे कानावर आल्यावर मात्र तिला स्वस्थ बसवेना. बजरंग घरी सापडायचा नाही, म्हणून बाजाराच्या दिवशी ती अर्धी रजा टाकून बाजारातच गेली.

शेण, धूळ, टेम्पोचे हॉर्न. बजरंग एका जर्सी गाईपाशी उभा होता, समोर सोनई गावचं गिऱ्हाईक, दोघांच्या हातांवर टॉवेल. त्याने तिला पाहिलं, डोळ्यांनीच थांबा म्हटलं. ती थांबली.

इतकी वर्षं घोडेगावात राहून तिने हे लांबूनच पाहिलं होतं, जाता जाता. आज पहिल्यांदा सगळं पाहिलं. गिऱ्हाइकाने टॉवेलखाली काहीतरी दाबलं. बजरंग हसला, मान दुसरीकडे फिरवली, चहावाल्याला हाक मारली. हात तिथेच. गिऱ्हाईक म्हणालं, "जमत न्हाई, राम राम," आणि पाय उचलून निघाल्यासारखं केलं, पण हात तिथेच. टॉवेल हलला. पुन्हा हलला. दोघांनी गाईला नावं ठेवली, पावसाच्या गप्पा मारल्या, आणि आत बोटं पुढे सरकतच होती. बऱ्याच वेळाने टॉवेल निघाला तेव्हा सौदा झाला होता.

तोवर शेजारी एका नवख्याने हात घालून लगेच काढून घेतला होता. त्याच्याकडे बघून बजरंग म्हणाला, "पयल्या बोटाला हात काढला म्हंजी घ्यायचंच न्हाई त्याला. नुसतं इचारायला आलाय."

माणसं हसली. फिलोमिनाच्या पायांखालची जमीन हलली म्हणावं, तर तसंही झालं नाही. ती उभीच राहिली आणि तिला एकेक दिसत गेलं. खिडकीकडे फिरवलेली मान. दोन बोटं. तो दलालाच्या घरचा पोरगा होता. पहिल्या बोटाला कुणी खरा आकडा सांगतं का? ती तर फक्त सुरुवात होती. ती दाबून परत काही म्हणते का, याची तो वाट बघत होता. आणि तिने छान म्हणून हात काढून घेतला होता.

बजरंग जवळ आला. "बोला मॅडम. शाळेत नाव राहू द्या त्याचं, यील तो."

"बजरंगभाऊ, तुमच्या पोराने मला दोन सांगितलं होतं," ती म्हणाली. आवाज कोरडा होता. "आणि मी हात काढून घेतला."

त्याला रुमालाची गोष्ट माहीत होती. गावभर झाली होती.

"पयल्याच बोलीला?"

"हो."

त्याने टॉवेल झटकला, खांद्यावर टाकला. "तुमी निदान इचारलं तरी," तो म्हणाला. "म्या तर कदी हातच मागितला न्हाई त्याचा."

"डॉक्टरकडे का नेलं नाही?"

"बरा हाय की आता. जेवतोय, ढोरं बघतोय. उगं नगरच्या खेपा केल्या तर लोक येडा ठरिवत्याल त्याला."

"मला भेटू द्या. एकदाच."

घरी कानिफ गोठ्याच्या कडेला बाजेवर बसला होता. त्याची आई, चांगुणा, चहा टाकायला आत गेली. बजरंग हातपाय धुण्याचं निमित्त करून हौदाशी रेंगाळला. फिलोमिना बाजेवर बसली. बाजारातून येताना वाटेत थांबून तिने कपाटातला रुमाल घेतला होता. तिने तो मधे पसरला आणि खाली हात घातला.

कानिफने रुमालाकडे पाहिलं. एक कालवड उठली, फिरली, पुन्हा बसली. मग त्याने हात घातला आणि मान गोठ्याकडे फिरवली.

दोन.

ती हलली नाही. तिने त्याची दोन बोटं आपल्या मुठीत धरली, हलकेच दाबली, आणि धरूनच ठेवली. त्याने हात ओढल्यासारखा केला. तिने सोडला नाही, जोरही केला नाही. त्याचा हात राहिला.

"कालवडीला काय घालता?" तिने विचारलं.

"घास. मका."

तीन बोटं झाली. ती तशीच बसून. कालवडीचं नाव विचारलं, त्याने सांगितलं. चार. चांगुणा चहा घेऊन ओट्यावर आली, दोघांकडे बघून तिथेच थबकली.

"कानिफ," फिलोमिना म्हणाली, "मरून जावं असं अजून वाटतं का रे?"

त्याच्या पाच बोटांनी तिचा पंजा गच्च आवळला, सोडला, आणि पुन्हा चार बोटं आवळली. नऊ. तो रडत होता, मान अजून गोठ्याकडेच होती. आणि फिलोमिनाच्या आत इतके दिवस जे बधिर होतं, ते एकदम ठणकायला लागलं. इतकं, की तिला ओठ चावावा लागला. तरी दुखतंय याचं तिला बरं वाटलं.

"तुझ्या आबांना देशील हात?" तिने हौदाशी पाठमोऱ्या उभ्या बजरंगकडे बघत विचारलं.

"ते काढून घेत्याल," तो म्हणाला.

"न्हाई काढत," हौदाजवळून बजरंग म्हणाला. तो केव्हा वळला होता कुणास ठाऊक. तो आला, बाजेपुढे उकिडवा बसला आणि रुमालाखाली हात घातला. त्याचा हात आत आल्यावरच फिलोमिनाने आपला काढला.

बजरंगने सवयीने मान दुसरीकडे फिरवली, ओट्याकडे. रुमाल हलला. थांबला. बराच वेळ थांबला. पुन्हा हलला. ज्या तोंडावरून बाजारात कुणाला कधी काही कळलं नव्हतं, ते तोंड चांगुणासमोर उघडं पडलं, आणि तिला काही न विचारता आकडा कळला. तिने कप खाली ठेवला.

बजरंगने हात काढला नाही.

"नगरच्या डॉक्टरचा कागद कुटं ठिवलाय गं?" तो म्हणाला.