तांबड्याचा मागील उजवा पाय

सुज्ञ वाचकहो, आमच्या म्हाताऱ्या तांबड्या घोड्याच्या मागील उजव्या पायाने दोन घराण्यांतील वैर कसे मिटवले व माझा विवाह कसा जुळवून आणला, तो वृत्तांत मी येथे सत्यास धरून यथाशक्ती निवेदन करीत आहे.

सदर घोडा माझे वडील लुव्सान यांचा. वार्धक्यात त्यास एक विचित्र खोड जडली. चालू लागताना, विशेषतः वळताना, मागील उजवा पाय तो एकाएकी पोटापर्यंत उचले, क्षणभर अधांतरी धरी आणि दाणकन खाली आपटी. गुरांचे डॉक्टर म्हणाले, "दुखत नाही त्याला. शिरांचा दोष आहे. वळवताना तेवढं सांभाळा."

शेजारच्या तंबूतील चोइजिल काका व माझे वडील यांच्यात हिवाळी गोठ्याच्या जागेवरून अबोला होता. माझे मन तर काकांच्या कन्येवर, उयांगावर, जडलेले. परंतु मागणी घालण्यास वडिलांनीच निळे रेशमी वस्त्र घेऊन जावे लागते, आणि वडील त्या तंबूच्या दिशेस तोंडदेखील करीत नसत. अशात नदीपलीकडचे लोक तिला मागण्यास निघाल्याची वार्ता येऊन थडकली.

त्याच दिवशी विहिरीवर दोन्ही घरची जनावरे एकदम पाण्यास आली; मी व उयांगाही पाणी काढण्यास तेथेच होतो. दोघे वृद्ध परस्परांशी बोलत नसल्यामुळे घोड्याशी बोलू लागले.

"काय रे तांबड्या," काका म्हणाले, "म्हातारपणी नाच शिकलास होय? शिक बाबा. मालकाच्या घरात दुसरी करमणूक नाही."

"तांबड्या, लक्ष देऊ नकोस," वडील म्हणाले. "ज्यांचे घोडे उभ्या उभ्या झोपा काढतात, त्यांना नाचातलं काय कळतंय."

असे म्हणून वडिलांनी रागाच्या भरात लगाम खेचून घोडा वळवला. पाय वर गेला आणि उतरला तो थेट काकांच्या बुटाच्या वर वळलेल्या टोकावर. आमच्याकडच्या बुटांचे हे टोक आतून रिकामे असते, म्हणून बोटे वाचली.

आम्हा तंबूत राहणाऱ्या पशुपालकांत एकाचा पाय दुसऱ्याच्या पायास लागला, तर हाडवैर असले तरी तत्क्षणी हात मिळवावा लागतो. न मिळवणारा माणसांत गणला जात नाही. काकांनी हात पुढे केला.

"पाय लागलाय."

"घोड्याचा लागलाय. त्याच्याकडून घे हात."

"त्याला असता तर घेतला असता. तुझ्यापेक्षा समजूतदार आहे तो."

उयांगाने बादली खाली ठेवली. "लुव्सान काका, लगाम कुणाच्या हातात होता?"

वडिलांनी हातातल्या लगामाकडे पाहिले. त्यांनी हात दिला. काकांनी तो धरला, आणि सोडलाच नाही.

"किती खरखरीत झालाय रे तुझा हात."

"एकट्यानं गोठा बांधला ना."

"जागा माझी होती."

"होती. म्हणून तर एक दार तुझ्या बाजूला ठेवलंय. तू कधी बघायला आलास?"

मी वडिलांची बाही हळूच ओढली.

"चोइजिल," वडील म्हणाले, "उद्या घरी आहेस का?"

"आहे. बूट शिवायचाय. ये."

नदीपलीकडचे लोक पोहोचले, तेव्हा आमच्या लग्नाचे मटण चुलीवर चढले होते. त्यांनाही बसवून जेवू घातले.

माझे हे ओबडधोबड लेखन आपण धीराने वाचलेत, याबद्दल मी आपला अत्यंत ऋणी आहे.

आपला नम्र,
लुव्सानचा मुलगा दाशझेवेग