चिखल लागलेला चेंडू

करडी गावातल्या आपल्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, धान कापून झालं की परसराम लेकीसाठी मैदान आखायचा. नागपूरला गोल्फच्या मैदानावर गवत कापायची नोकरी करून तो गावी परतला होता; येताना दोन जुन्या स्टिक आणि पिशवीभर चेंडू घेऊन. धुऱ्यापलीकडे, शेताच्या बांधाच्या पल्याड, तो होल म्हणून एक डबा पुरायचा. नियम एकच.

"हर्षे, चिखल लागला का उचल, पूस, मंग हान."

पुसायला खांद्यावरचा दुपट्टा पुढे करायचा.

याच बांधीत शिकून हर्षा ज्युनिअर गटात राज्यात पहिली आली. तेव्हा मोहाडीच्या बाजारात लोक परसरामला थांबवून चहा पाजत. मग ती व्यावसायिक झाली आणि चहा थांबला. लहानसहान स्पर्धा, बसचे लांबलांबचे प्रवास, बहुतेक वेळा शेवटच्या फेरीआधीच बाद. "पोट्टी काय करून राहिली?" असं कोणी खोचकपणे विचारलं की परसराम म्हणायचा, "खेळून राहिली. तू काय करून राहिला?"

दिवाळीनंतर तो गेला. तेरवी आटोपली आणि हर्षा पात्रता फेरीला निघाली. जमलं तर वर्षभर मोठ्या टूरवर खेळता येणार होतं. नाही तर पुन्हा त्याच लहान स्पर्धा. बॅग उचलायला मोठा भाऊ योगेंद्र सोबत होता. बॅगच्या पट्ट्याला तिने बाबांचा दुपट्टा बांधला होता.

शेवटच्या दिवशी पहाटे अवकाळी पाऊस पडून गेला. सतराव्या होलवर तिचा चेंडू चिखलाने माखून गवतात थांबला. हर्षा वाकली. उचलला, दुपट्ट्याने पुसला, होता तिथे ठेवला. हात मागे घेतल्यावर तिला कळलं, आपण काय केलं ते. इथे चेंडू पडला असेल तसाच मारायचा असतो. उचलला तर एक फटका दंड.

सोबतच्या खेळाडू लांब होत्या.

"कोनंच नाही पायलं," योगेंद्र पुटपुटला. "मार."

"मीनं पायलं ना, दादा."

"बाबानंच तं शिकवलं होतं तुले."

"बांधीतला नियम बांधीत. इथं इथला."

तिने हात वर करून पंचांना बोलावलं आणि दंड मागून घेतला. आता शेवटच्या होलवर तो फटका भरून काढायला हवा होता. तिने टोलवलेला चेंडू होलच्या काठाशी येऊन थांबला. एका फटक्याने पात्रता हुकली.

तुमसर रोड स्टेशनला गाडीतून उतरल्यावर योगेंद्रने बॅग खांद्यावर घेतली. मग म्हणाला, "आता?"

"आणखी एक फेरी हाये. उन्हाळ्यात."

दुसऱ्या दिवशी तिने बांधीच्या एका कोपऱ्यात पाणी सोडायला लावलं. चिखल झाला. तिने चेंडू त्यात घोळवून खाली ठेवला. योगेंद्र सवयीने दुपट्टा घेऊन वाकला.

"राहू दे. तो हात पुसाले ठेव."

"असाच?"

"असाच मारतो," हर्षा म्हणाली.

चेंडू वाकडा उडाला आणि धुऱ्यावर आपटला. डबा कुठल्या कुठे राहिला. योगेंद्र हसला, हर्षाही, बऱ्याच दिवसांनी. मग तिने पाय पुन्हा रोवले.

"दुसरा दे. चांगला माखून दे."