पन्नास हजारावा पाहुणा

अमेरिकेत, फ्रीमाँटला दुपारचे चार वाजले की विष्णुपंत लेकीच्या घरातल्या कॉम्प्युटरसमोर येऊन बसत. जपानात तेव्हा दुसऱ्या दिवशीची सकाळ झालेली असे आणि मोरितासान आपल्या पानावर दोन ओळी लिहून गेलेले असत. आज समुद्र शांत आहे. आज गुडघा दुखतोय.

मोरितासान हे निवृत्त टेलिफोन मेकॅनिक. जुन्या फोनांचे फोटो लावून त्यांनी इंटरनेटवर स्वतःचं छोटंसं पान मांडलं होतं. विष्णुपंत तीन वर्षं ते चोरपावलांनी वाचत होते. एक अक्षर कधी लिहिलं नव्हतं. जपानी ते तरुणपणी पुण्यात शिकलेले. पुढे बोलायला कुणी मिळालं नाही, आणि चुकण्याची धास्ती तेवढी उरली.

पानाच्या तळाशी आल्यागेल्यांचा आकडा दिसे. जपानी पानांवर तेव्हा एक रिवाज होता. ज्याच्या भेटीला दहा हजारांसारखा पूर्ण आकडा लागेल, त्यानं पानावरच्या पाहुण्यांच्या वहीत नाव सांगायचं. गुपचूप पळायचं नाही. मग मोरितासान त्याला हवा तो एक फोटो काढून देत.

२००५च्या ऑक्टोबरात एका दुपारी आकडा आला ५००००. विष्णुपंतांनी घाईघाईनं पान बंद केलं.

दुसऱ्या दिवशी मोरितासाननी लिहिलं होतं, 'पन्नास हजारावे पाहुणे कोण? वाट पाहतो.' तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी, 'कुणी नसावं. यंत्रच उगाच मोजत असेल. महिनाअखेर पान बंद करावं म्हणतो.'

"बाबा, चहा निवला. झालं काय?" वसुधानं विचारलं. त्यांनी अडखळत सगळं सांगितलं.

"म्हणजे चार दिवस त्या म्हाताऱ्याला ताटकळत ठेवलंत?"

"अगं, जपानीतली आदराची रूपं चुकली तर..."

"चुकू देत. तो काय मार्क देणारे तुम्हाला?"

सोफ्यावरून नात म्हणाली, "आजोबा, जस्ट से हाय."

चार ओळींना दोन तास लागले. उशिराबद्दल क्षमा मागून झाली, आता फोटो कशाचा मागायचा? खरं तर ते ठरलेलंच होतं. १९७४ साली जपानमधल्या एका कारखान्यात वर्षभर शिकायला त्यांची निवड झाली होती. आई अंथरुणाला खिळली आणि ती जागा दुसऱ्याला गेली. कारखान्याचं वसतिगृह ज्या स्टेशनाजवळ होतं, ते मोरितासानच्या गावापासून रेल्वेनं तासाभरावर. नकाशात त्यांनी ते कितीदा पाहिलं होतं. त्या स्टेशनाचा फोटो त्यांनी मागितला; का, ते लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलेलं होतं. 'तुम्ही पळाला नाहीत, बरं वाटलं. पान राहू देतो. रविवारी स्टेशनावर जाईन. तुम्ही कुठल्या दारानं ये-जा करायचात? तिथूनच काढतो.'

विष्णुपंत उत्तर लिहायला बसले. उत्तरेचं दार, असं लिहिलं असतं तरी चाललं असतं. निवडीच्या पत्रासोबत आलेला रस्त्याचा नकाशा त्यांना अजून पाठ होता. दारासमोर पोस्ट, मग एक पूल, मग वसतिगृह. मोरितासानना कधी कळलंही नसतं.

त्यांनी लिहिलं, 'मी तिथे कधीच आलो नाही. यायचं राहून गेलं. पहिल्यांदा उतरणारा माणूस ज्या दारानं बाहेर पडत असेल, तिथे जरा उभे राहा आणि समोर दिसेल ते काढा.'