मामाजीचा एक कप

बस वं सिंधू, चहा टाकला. साखर किती? लाजू नको, आता या घरात साखर चालते. फक्त आतल्या खोलीत चालत नाही. तिथं आमचे हे पडून आहेत, लकव्यानं डावी बाजू गेली. त्यायले मध.

"साखर म्हणजे पांढरं विष," हे यायचंच वाक्य. हिंगण्याच्या कंपनीत स्टोअरकीपर होते. कुठंतरी निसर्गोपचाराचं भाषण ऐकून आले अन् त्याच दिवशी राशनची साखर मोरीत ओतली. त्या साखरेसाठी मी उन्हात दोन तास लाइनीत उभी होती! तेव्हापासून चहात मध, शिऱ्यात मध, दिवाळीच्या करंजीतही मध. पोरी रडल्या तर म्हणत, तब्येत सुधरते.

माझं जाऊ दे. पण मामाजी? माझे सासरे, रूपरावजी, ब्याऐंशी वर्षांचे. ना शुगर, ना बीपी. जन्मभर वावरात राबले, शौक एकच, दुपारी तीन चमचे साखरेचा चहा. मधाचा कप समोर आला की सरकवून देत. "मनोहर, काढा लागते रे हा. मरताना तरी मले साखरेचा दे." हे हसत. "साखर खाल तर लवकरच मराल, बाबा."

खाट धरली तेव्हा मामाजीनं एका सकाळी माझा हात पकडला. "सूनबाई, एकच कप." मी म्हटलं, उद्या करते, हे ड्यूटीवर गेले की. साखरेची पुडी आणून डब्यामागं लपवलीही. अन् दुसऱ्या दिवशी यायनं सुट्टी टाकली, बापाची सेवा करायले! दिवसभर उशाशी बसून चमच्यानं मधपाणी पाजलं. म्हातारा तोंड फिरवे, हे हनुवटी धरून सरळ करत. मी दारात उभी होती, पुडी पदराखालीच राहिली. संध्याकाळी मामाजी गेले. गालावर मध वाळला होता, तो मी ओल्या फडक्यानं पुसला.

दहाव्याले घाटावर पिंडाले कावळा शिवेना. हे हात जोडून म्हणत, "शेत विकणार नाही, बाबा. पोरीयचे लग्न थाटात करीन." कावळे झाडावरून पाहून राहिले होते. मग यायनं खिशातून बाटली काढली अन् पिंडावर मध ओतला! कावळा कायले येते? ऊन डोक्यावर आलं. हे भटजीशी बोलायले बाजूले गेले, तेव्हा मी पुडी सोडली अन् सगळी साखर पिंडावर टाकली. म्हटलं, घ्या मामाजी, चुकलं माझं. दहा पावलं मागं सरली नाही तं कावळा उतरला.

अन् हे काय म्हणाले माहीत आहे? "पाहा, बाबाले शेवटी मध पटला!" लोकायनं माना हलवल्या. त्या दिवशी हा माणूस माझ्या मनातून उतरला, सिंधू.

ऐक, आवाज देऊन राहिले. जीभ जड झाली, पण एवढा शब्द बरोबर निघते. साखर. पाच महिने झाले, रोज चहाच्या वेळेले हेच. थांब, पाजून येते.

"घ्या. मधाचाच आहे. तोंड नका फिरवू, मले हनुवटी धरता येते. अन् रडता काहून? पुडी आणून ठेवली आहे ना. दहाव्याले देईन."