नोएलने काय विचारलं

शिरूरहून एसटीने चौफुला आणि तिथून जीपने भांडगाव असा प्रवास करून दबोरा आली, तेव्हा नोएलला जाऊन सात महिने झाले होते.

नोएल, तिचा नवरा, विमान चालवायला शिकवायचा. सोळा वर्षांच्या संसारात रोज घरी आला की बूट सोडता सोडता तो सांगायचा, आज कोण घाबरलं, कोणाचा हात बसला. त्या सकाळी उतरताना धावपट्टी समोर दिसत होती, आणि इंजिन बंद पडलं. छोटं विमान पट्टीच्या अलीकडे, गेणबा नावाच्या शेतकऱ्याच्या कांद्यात कोसळलं. शेजारी बसलेली शिकाऊ पूनम वाचली, पण तिला काहीच आठवत नव्हतं.

चौकशीच्या अहवालात उंची, वेग, वारा सगळं होतं. शिवाय एक वाक्य होतं, की रुग्णवाहिका येईपर्यंत प्रशिक्षक शुद्धीवर होते. त्या वाक्यापुढे दबोराला जाता येत नव्हतं.

गेणबांनी बांधावरून जागा दाखवली. तिथं आता मका उभा होता.

"मी तवा वरवंडला गेलतो," ते म्हणाले. "ही होती जवळ."

त्यांची बायको बानूबाई खुरपं ठेवून आल्या. दोघी बांधावर बसल्या.

"मावशी, ते काही बोलले का?"

"बोललं की. पोरगी कुठं हाय, म्हनलं. मी म्हनलं, जित्ती हाय, रडतीय. जरा थांबलं की पुन्ना तेच. चार-पाचदा इचारलं."

"आणि?"

"पानी मागितलं. पदर भिजवून व्हट वलं केलं मी."

"माझं नाव घेतलं? दबोरा?"

बानूबाई तिच्याकडे पाहत राहिल्या. व्हय म्हणणं अवघड नव्हतं.

"न्हाई, ताई. खोटं कशाला बोलू."

सात महिने दबोराने त्याच्या तोंडी कितीतरी वाक्यं घालून पाहिली होती. त्यांतलं एकही खरं निघालं नाही. ती मक्याकडे बघत बसली.

"राग आला व्हय?"

"आला," दबोरा म्हणाली. "शेवटीसुद्धा विद्यार्थीच."

बानूबाईंनी बांधावरचं गवत उपटून बाजूला टाकलं. मग त्या म्हणाल्या, "पर हात सोडला न्हाई त्यांनी माझा. मानसं उचलाया लागली तरी न्हाई. एकेक बोट सोडवावं लागलं. डोळं मिटल्यालं हुतं. कुनाचा हात म्हनून धरला हुता, मला काय ठावं."

"कोणता हात?"

बानूबाईंनी उजवा पुढे केला. रेघांमधली माती वाळली होती. दबोराने तो दोन्ही हातांत घेतला. नोएल प्रार्थनेला उभा राहिला की तिची बोटं दुखेपर्यंत दाबायचा, आणि ती दर रविवारी त्याच्यावर चिडायची. आता तिने स्वतःच हात घट्ट दाबला. बानूबाईंनी तो ओढून घेतला नाही.

गेणबांनी चहाला हाक मारली. दोघी उठल्या नाहीत. हमरस्त्यावर जीपवाल्याने हॉर्न दिला, थोडं थांबून तो निघून गेला.

"मी पुन्हा आले तर चालेल?" दबोराने विचारलं.

"ये की," बानूबाई म्हणाल्या. "मका निघाल्यावर ये. जागा नीट दिसंल."