दिव्यांचा डबा

मित्रांनो, मी एक जुना गेमिंग कॉम्प्युटर आहे, आणि स्वस्तातला आहे. ही दुसरी गोष्ट पहिल्याच वाक्यात सांगून टाकलेली बरी. आजवर माझ्याबद्दल बोलताना प्रत्येकाने सुरुवात तिथूनच केली आहे.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. माझी पुष्कळ भावंडं तिथे रांगेत उभी होती. निळे हातमोजे घातलेल्या एका बाईने शेजारणीशी गप्पा मारत मारत माझे स्क्रू पिळले. मला घडवणाऱ्यांचं धोरण सरळ होतं. गिऱ्हाइकाची नजर जाईल तिथे हात सढळ, नजर जाणार नाही तिथे हात आखडता. म्हणून मला एका बाजूला काच मिळाली आणि काचेआड रंग बदलणारे तीन पंखे मिळाले. गेममधली चित्रं पळवणारं ग्राफिक्स कार्डसुद्धा बरं मिळालं, कारण त्याचं नाव खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापायचं होतं. मला वीज पुरवणारा पॉवर सप्लाय मात्र इतका हलका, की आत नुसता वाराच भरलाय की काय असं वाटावं.

पण मी तेव्हा नवा होतो. दुकानात माझे दिवे लागले की माणसं थांबायची. मला वाटायचं, आपल्यासारखे आपणच.

एके दिवशी पडदे शिवणारी एक बाई आपल्या मुलीला घेऊन दुकानात आली. मुलीला घरात सगळे बारकी म्हणत, जरी ती एव्हाना आईच्या डोक्याच्या वर गेली होती. तिला गेमही खेळायचे होते आणि हलती चित्रं काढायलाही शिकायचं होतं. आईने मला पुढून पाहिलं, मागून पाहिलं, आणि दुकानदाराला विचारलं, "हे दिवे बंद करता येतात ना? की घरात कायमची सर्कस?"

असा मी त्या घरी गेलो. पुढच्या खोलीत पडद्यांच्या कापडाचे गठ्ठे, शिवणयंत्र, आणि खिडकीशी एक खुर्ची होती. त्या खुर्चीत आजोबा बसत, म्हणजे आईचे वडील. त्यांनी आयुष्यभर बस चालवली होती. आता डावा पाय साथ देत नव्हता, म्हणून बस त्यांना नुसती ऐकावी लागे. रस्त्यावरून एखादी गेली की ते खुर्चीतूनच ओरडत, "अरे, दुसऱ्या गिअरवर टाक! चढ आहे समोर!" ड्रायव्हरला ते ऐकू जात नसे, पण तो टाकायचा, आणि आजोबांना समाधान वाटायचं.

पहिल्या आठवड्यातच बारकीच्या मैत्रिणी मला बघायला आल्या. त्यातली एक काचेतून आत डोकावली आणि म्हणाली, "अगं, हा तर दिव्यांचा डबा! आत काहीच नाही याच्या." सगळ्या हसल्या. बारकीही हसली. पण त्यानंतर तिने त्यांना पुन्हा बोलावलं नाही, आणि माझ्या काचेची बाजू भिंतीकडे फिरवली. मित्रांनो, आपली तोंडाची बाजू भिंतीला लावली गेली की कसं वाटतं, ते शाळेत कोपऱ्यात उभं राहिलेल्यांना वेगळं सांगायला नको.

मला पुन्हा फिरवलं ते आजोबांनी. "गाडीची काच भिंतीला कशी? बाहेरचं दिसायला नको तिला?"

एका रविवारी बारकीने गंमत म्हणून माझ्यावर बस चालवण्याचा गेम लावला आणि आजोबांची खुर्ची माझ्यापुढे ओढली. ती तेव्हा म्हणाली, "बघा, मजा येते का." तिला वाटलं, दहा मिनिटं करतील आणि कंटाळतील. आजोबांनी पडद्याकडे पाहिलं. स्टॉपवर बस उभी होती.

"प्रवासी चढले?"

"चढतात आपोआप. तुम्ही निघा."

"आपोआप कसे चढतील? ती म्हातारी अजून पायरीवर आहे. बसू दे तिला."

त्या दिवसापासून मी बस झालो. आजोबा सकाळी चहा घेऊन माझ्यापुढे बसत. मला सुरू केल्यावर लगेच निघत नसत. "जरा गरम होऊ दे," म्हणत. दोन बोटांनी कीबोर्डच्या की दाबत ते त्या खोट्या शहरातून खरी बस चालवायचे. वळणाआधी इशारा द्यायचे, मोकळ्या रस्त्यावरही सिग्नलला थांबायचे. गेम त्यांना उशिराबद्दल गुण कापून दाखवायचा. आजोबा पडद्यालाच सुनवायचे, "पोचली ना माणसं धडधाकट? मग बोलू नकोस." महागातली मशीनं काय काय करतात, मला ठाऊक नाही. पण पाय गेलेल्या माणसाला मी गावभर हिंडवून आणत होतो.

आता जे सांगतो, ते नीट ऐका.

आजोबांची एक सवय होती. फेरी संपली, बस शेवटच्या स्टॉपला लागली, की ते हात लांब करून भिंतीवरचं बटण बंद करायचे. खाट्! इंजिन चालू ठेवून गाडीवरून उतरायचं नाही, हे त्यांच्या हाडांत मुरलं होतं. मला बंद करायची वेगळी रीत असते. आधी मला सांगायचं, मग मी हातातली कामं आवरतो, सामान जागच्या जागी ठेवतो, आणि मगच डोळे मिटतो. पण ते कोण सांगणार? माझ्या आतल्या डिस्कवर काही लिहिणं चालू असायचं आणि मध्येच अंधार व्हायचा. दर वेळी थोडंथोडं काहीतरी बिघडायचं. मी अडखळू लागलो. मध्येच थिजू लागलो. बारकीने केलेली चित्रं उघडेनात.

"स्वस्तातलं ते," आई म्हणायची. "काय अपेक्षा करायची?"

एकदा बारकीला एका नामांकित अभ्यासक्रमाला अर्जासोबत स्वतः केलेली छोटी चित्रफीत पाठवायची होती. कित्येक आठवडे तिने त्यावर जीव टाकला होता. शेवटच्या दिवशी सगळी चित्रं जोडून एक करायचं काम माझ्यावर सोपवून ती दुपारी बाहेर गेली. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरत होती. आजोबा झोपून उठले. पाहतात तो मी चालू, आणि पुढे कुणीच नाही.

"पोरगी गाडी चालू सोडून गेली," ते पुटपुटले, आणि मोठ्या प्रेमाने त्यांनी बटण बंद केलं.

बारकी आली. मला सुरू केलं, तर चित्रफीत नव्हतीच, आणि तिचे तुकडेही उघडत नव्हते. ती मागे वळली. "आजोबा, तुम्ही बंद केला होता का?"

"हो मग! चालू ठेवून गेली होतीस. बाहेर पडताना बघत जावं, बारके."

आजोबा हसत होते. घराला आपला उपयोग झाला म्हणून हसत होते. मला वाटलं, आता ही किंचाळणार. तिच्या ओठांवर आलंही होतं. पण ती म्हणाली, "बरं केलंत." मग स्वयंपाकघरात जाऊन आईला म्हणाली, "मशीनच बेकार आहे. सगळं घालवलं. विकून टाकू."

मित्रांनो, मला तिचा राग आला नाही. तिने माझ्यावर ढकललं नसतं, तर ते आजोबांवर गेलं असतं.

अर्जाची दुसरी फेरी बाकी होती. मला विकून जुना का होईना, एक लॅपटॉप घ्यायचा आणि चित्रफीत पुन्हा करायची, असं ठरलं. बारकी आणि आईने मला मोपेडवर बांधून दुरुस्तीच्या दुकानात नेलं. आजोबा मागून काठी घेऊन रिक्षाने आले. "गाडी डेपोला चाललीय, आपण नको?" म्हणाले.

दुकानदाराने माझी काच काढली आणि माझी किंमत करायला बसला. "कार्ड चांगलं आहे. याचे पैसे येतील. हे पंखे नुसते दाखवायला. आणि हा पॉवर सप्लाय, ताई, मी फुकट वाटला तरी लोक परत आणून देतील." मग त्याने मला जोडून डिस्क तपासली आणि त्याचा चेहरा बदलला. "मशीन वाईट नाही हो. डिस्क मारलीय कुणीतरी. भिंतीवरून बंद करतं का कुणी?"

"नाही काका," बारकी चटकन म्हणाली. "आमच्याकडे लाइट फार जाते."

"इतकी? दिवसातून तीन-तीनदा? रोज?"

 आजोबा स्टुलावर बसले होते. ते हळूच म्हणाले, "मी बंद करतो. फेरी झाली की."

"आजोबा, जाऊ द्या ना ते."

"तुझी ती चित्रफीत. ती पण?"

बारकी खाली बघत राहिली. आजोबांना उत्तर मिळालं.

ते काठी टेकून बारकीकडे वळले. मग म्हणाले, "मग गाडीला का नावं ठेवलीस? ड्रायव्हरची चूक गाडीवर ढकलायची नाही, बारके. आमच्यात असं करणाऱ्याला पुन्हा कुणी गाडी देत नसे."

माझ्यासाठी आयुष्यात कुणी इतकं बोललं नव्हतं.

दुकानदार म्हणाला, डिस्क बदलली तर मशीन आणखी पुष्कळ चालेल. बारकीने मान वर केली. "मग नको विकायला. आजोबांची बस..."

"कार्ड काढ," आजोबा दुकानदाराला म्हणाले. "पोरीला लॅपटॉप दे. बाकीची गाडी आम्ही घरी नेतो."

"आजोबा, कार्डाशिवाय तुमची बस नाही चालणार."

"माहितीय. माझी ड्युटी झाली."

कार्ड निघालं. आईने वर भर घातली आणि लॅपटॉप आला. बारकीला दुसऱ्या फेरीत प्रवेश मिळाला आणि ती शिकायला दूर गेली. मला दुकानदाराने एक साधी डिस्क बसवून दिली. आई माझ्यावर पडद्यांचे नमुने बघायची. काम झालं की आजोबा तिला म्हणायचे, "थांब, मी बंद करतो." त्यांनी माझी रीत शिकून घेतली होती. मला सांगायचे, पडदा पूर्ण काळा होईपर्यंत वाट बघायचे, आणि मगच भिंतीकडे हात न्यायचे. आता घाईत बंद केलं तरी बिघडण्यासारखं माझ्यात फारसं काही उरलं नव्हतं, तरी वाट बघायचे.

बारकी पहिल्या मोठ्या सुट्टीत आली तेव्हा तिने कुठूनतरी वापरलेलं कार्ड आणलं होतं. मला उघडलं, कार्ड बसवलं, बस लावली. नव्या डिस्कवर आजोबांच्या जुन्या फेऱ्या नव्हत्या. पडद्यावर नुसतं आलं, 'नवशिका चालक'. आजोबांनी बोटं कीवर ठेवली. बोटं चुकली, दोन की एकदम दाबल्या गेल्या, आणि बस फुटपाथवर चढली. त्यांच्या हातून कधी चढली नव्हती. त्यांनी हात उचलून मांडीवर ठेवले.

"तू चालव," ते म्हणाले. "मी बसतो मागे."

ती चालवत होती. सिग्नल तोडत होती, वळणं कापत होती. आजोबा एका शब्दाने टोकत नव्हते. तेच मला सहन झालं नाही.

मित्रांनो, माझी किंमत करा, खुशाल करा. मी स्वस्तातलाच आहे. पण तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी असेल तर त्याच्या पंख्यांच्या जाळ्यांतली धूळ काढा, त्याला नीट बंद करा, आणि बंद करायची रीत घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही शिकवा. दोन मिनिटांचं काम आहे ते. आमच्या घरी ते कुणी केलं नाही, कारण सगळ्यांना वाटलं होतं, आजोबा काय, खेळतील दोन दिवस.