निखारीला शोभेल अशी मुलगी

परळीत ‘निखारी चाहता मंडळ’ आहे. सभासद सोळा, सोळाही पुरुष, आणि निखारी ही चित्रकथेतली बाई. वीटभट्टीवर राबणारी, काळी, रुंद खांद्यांची, तळहातावर विस्तव धरणारी. साडीवर पुरुषी सदरा, भट्टीवरच्या बायका घालतात तसा. एकेचाळीस अंकांत ती एकदाही लाजलेली नाही. मंडळाचा सचिव मी, आश्रुबा. बैठकीत कोण काय बोललं ते वहीत लिहायचं, हे माझं काम. बोलून झाल्यावर कोण काय करतं ते लक्षात ठेवायचं, ही माझी खोड.

निखारीवर दोन सिनेमे निघाले आणि दोन्हींनी मंडळाच्या जिवाला घोर लावला. पहिल्यात दुधासारखी गोरी नटी घेऊन तिला तपकिरी रंग फासला होता. ती विहिरीत उडी मारते आणि वर येते तेव्हा मान काळी, नाक गोरं. दुसऱ्यातली नटी बरी होती, पण विस्तव कसा धरायचा हे तिला शिकवतो कोण, तर तिचा होणारा नवरा. त्या दिवशी आमचा सौरभ जेवला नाही. सौरभ हा मंडळाचा विद्वान. मोबाईलच्या दुकानात बसतो. सगळे अंक त्यानं प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवलेत आणि बायकोलाही हात लावू देत नाही. त्यानं कंपनीला नऊ पानांचं पत्र धाडलं. सार एवढंच, की निखारी काळी आहे, काळीच पाहिजे, रंगवलेली चालणार नाही. भट्टीवरची पाहिजे, जिममधली नको. पत्रावर सोळा सह्या झाल्या. अध्यक्ष हनुमान आप्पांनी तर सही करताना टेबलावर मूठ आपटली.

“का रं, काळ्या पोरी मेल्या का समद्या?”

आप्पांच्या स्वतःच्या तीन वीटभट्ट्या आहेत. त्यामुळे या विषयात त्यांचा शब्द शेवटचा.

तिसऱ्या सिनेमाला कंपनीनं शहाणपणा केला. नवा चेहरा हवाय, प्रत्येक चाहता मंडळानं एकाच मुलीची शिफारस करावी, असं जाहीर केलं. सोबत मंडळाचं शिक्क्याचं पत्र आणि एक व्हिडिओ. तोही एका दमात घेतलेला, मधे कुठं न कापलेला. मुदत रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत.

बुधवारच्या बैठकीला पंचशीला आली.

पंचशीला भीमनगरची. तिच्या आईनं आप्पांच्याच भट्टीवर विटा वाहिल्या. ही आयटीआय करून वायरमन झाली, रोज खांबावर चढते. रंग, खांदे, चाल बघितली तर अंकाच्या मुखपृष्ठावरून खाली उतरली म्हणावी.

“आप्पा, निखारीसाठी माझं नाव पाठवा,” ती उभ्यानंच म्हणाली. “सहा वर्षं झाली, सुट्टी काढून नाटकात काम करते. हे काम मला पाहिजे. मंडळाच्या पत्राबिगर कंपनी दारात उभी करत न्हाई, न्हाईतर तुमाला तरास दिला नसता.”

अकरा माणसं हजर होती. पहिला कंठ सौरभला फुटला.

“कसं हाय ताई, दिसणं म्हंजे सगळं न्हाई. निखारी ही एक भावना हाय.”

“तुमच्या पत्रात तर रंगावर चार पानं हायत, सौरभभाऊ. मी वाचलीत.”

“ते गोऱ्या नट्यांच्या विरोधात व्हतं. काळ्यांच्या बाजूनं न्हवतं.”

हे मी वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं. मग एकाला तिची उंची जास्त वाटली, दुसऱ्याला कमी. तिसरा म्हणाला, सरकारी नोकरी सोडून नट्टापट्टा कशाला. शेवटी आप्पांनी घसा साफ केला.

“पोरी, तू गुणाची हाईस. पर मंडळाचं नाव जातंय. पोरगी आपल्यातली असली म्हंजे बरं.”

“आपल्यातली म्हंजे?”

आप्पांनी पंख्याकडं पाहिलं. बाकीच्यांनीही पाहिलं. पंखा बंद होता.

“म्हंजे, मंडळातली.”

“मंडळात बाई कुठं हाय, आप्पा?”

तेव्हा आप्पांना आपली पुतणी राजनंदिनी आठवली. ती पुण्याला फार्मसी शिकते, चार दिवस गावी आली होती. रंगानं साय. निखारीचा एकही अंक तिनं उघडलेला नाही. तिच्या नावाचा ठराव एकमतानं झाला. एकमतात मीही होतो. हात वर करताना माझा हात जड झाला, असं मी नंतर स्वतःला सांगितलं. झाला नव्हता.

मग अडचण उभी राहिली. निखारी धुराड्यावर चढते तो प्रसंग व्हिडिओत पाहिजेच, असं सौरभचं म्हणणं, आणि राजनंदिनी पलंगावर उभी राहून जाळी काढायलाही तयार नसते. सौरभ मला घेऊन पंचशीलाकडं गेला.

“फक्त पाठमोरी, ताई. राजनंदिनी संवाद म्हणंल, धुराड्यामागं जाईल. तिथून तू वर. साडी, सदरा दोघींचा एकसारखा. कुणाला कळायचं न्हाई.”

“तोंड तिचं, हातपाय माझे.”

“कलेत असं चालतं.”

तिनं खुंटीवरचा, खांबावर चढताना कमरेला बांधायचा पट्टा काढून तपासला. मग म्हणाली, “येते. पट्टा माझा मी आणते.”

रविवारी चार वाजता आप्पांच्या बंद पडलेल्या भट्टीवर सगळं मंडळ गोळा झालं. सौरभनं स्वतःच्या हातानं राजनंदिनीच्या तोंडाला तपकिरी रंग फासला.

“रंग म्हणू नका, शेड हाय,” तो मला म्हणाला.

“मला खाज सुटलीय,” राजनंदिनी म्हणाली.

“निखारी खाजवत न्हाई.”

कॅमेरा तिच्याच फोनचा चांगला, म्हणून तिचाच फोन घेतला. तीन वेळा ती संवाद विसरली. चौथ्या वेळी अडखळत का होईना, पार पाडला आणि धुराड्यामागं गेली. दुसऱ्या बाजूनं पंचशीला लोखंडी पायऱ्यांना भिडली आणि घराचा जिना चढावा तशी चढली. खाली सौरभ पुटपुटत होता, “पाठमोरी, पाठमोरी.” वर पोचल्यावर तिनं पट्टा अडकवला आणि तोंड सरळ कॅमेऱ्याकडं फिरवलं.

“मी पंचशीला. ह्याच भट्टीवर माझ्या आईनं बावीस वर्षं विटा वाहिल्या. निखारीचं काम मला जमतं. जमतंय का ते तुमी बघा.”

“काट रं, काट!” आप्पा ओरडले.

“काटता येत न्हाई, आप्पा,” सौरभ म्हणाला. “एका दमात पाहिजे.”

पाचाला अठरा मिनिटं कमी होती आणि मंडळ चर्चेला बसलं. सहा जण म्हणाले, परत घ्या. चार जण म्हणाले, ऊन उतरलं. एकानं विचारलं, हे सत्ताविसाव्या अंकाला धरून आहे का. तेवढ्यात राजनंदिनीनं सौरभच्या हातातून फोन घेतला. पदरानं गाल पुसत ती बाजूला गेली आणि थोड्या वेळानं परत आली.

“काका, व्हिडिओ गेला.”

“कुणाच्या नावानं?”

“वर चढली तिच्या. मी नुसतं ततपप केलंय त्यात. आणि मंगळवारी माझा पेपर आहे. आता पत्राचा फोटो तेवढा जोडायचाय. नाही जोडला तर मंडळ बाद.”

पंचशीला मागं राहिली असती तर आप्पांना चाललं असतं. मंडळ बाद, हे आप्पांना सोसेना. माझ्या पिशवीत कोरं पत्र होतं, शिक्का होता. विटांच्या थप्पीवर कागद ठेवून मी लिहायला लागलो.

“लिहा, आश्रुबा,” आप्पा म्हणाले. “कुमारी पंचशीला, आमच्या मंडळानं शोधून काढलेली आन घडवलेली कलाकार.”

मी लिहिलं. सांगितलेलं लिहायची मला सवय आहे. पंचशीला उतरून शेजारी येऊन उभी राहिली होती. तिनं कागद वाचला, माझ्या बोटांतून पेन काढून घेतलं, ‘आमच्या मंडळानं शोधून काढलेली आणि घडवलेली’ एवढं खोडलं आणि कागद आप्पांपुढं धरला.

“आता शिक्का मारा. सा मिनिटं हायत.”

आप्पांनी एकदा आमच्याकडं पाहिलं. आमच्यातलं कोणीच त्यांच्याकडं पाहत नव्हतं. त्यांनी शिक्का असा दाबला की थप्पीची वरची वीट सरकली. राजनंदिनीनं फोटो काढला, पाठवला आणि तोंड धुवायला हौदाकडं गेली.

पंचशीला पट्ट्याची गुंडाळी करत होती. सौरभला राहवेना.

“तेवढी एक चूक झाली, ताई. निखारी चढताना खाली कधी बघत न्हाई. तू दोनदा बघितलंस.”

“खाली तुमी व्हता,” ती म्हणाली. “नजर ठेवावी लागली.”